एका सळईच्या दोन सळया
लेखमाला : घडण अभियंत्याची – लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण वर्कशॉपमध्ये हाताला लागणाऱ्या वळणाबद्दल बोललो. आजचा विषय आहे विचारणं, सांगणं आणि लिहून ठेवणं. आपल्या कॉलेजांमध्ये या गोष्टी ‘सॉफ्ट स्किल्स’ नावाच्या वेगळ्या तासाला ढकलल्या जातात आणि कॅम्पस इंटरव्ह्यूच्या तयारीपुरत्या उरतात. माझं म्हणणं असं आहे की त्या अभियांत्रिकीच्या गाभ्यातच आहेत. कोणी कोणाला विचारलं नाही, तर जे गणित करायला हवं ते होतच नाही.

याचा सर्वांत दुःखद धडा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीने दिला. तिथलं हयात रीजन्सी हॉटेल जुलै 1980 मध्ये सुरू झालं. त्याच्या उंच दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते आणि चौथ्या मजल्याच्या पुलाखाली बरोबर दुसऱ्या मजल्याचा पूल होता. 17 जुलै 1981 च्या संध्याकाळी खाली नृत्याचा कार्यक्रम चालू होता, पुलांवरही माणसं उभी होती. चौथ्या मजल्याचा पूल सांध्यातून सुटला आणि खालच्या पुलाला घेऊन गर्दीवर कोसळला. 114 माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ आराखड्यात छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत अखंड सळया होत्या. दोन्ही पूल त्याच सळयांवर, आपापल्या नटवर बसणार होते. फॅब्रिकेटरला यात अडचण दिसली, आणि ती खरी होती. चौथ्या मजल्याचा नट जागेवर न्यायचा तर सळईच्या खालच्या सगळ्या लांबीवर आटे पाडावे लागले असते, आणि सळई उचलून बसवताना ते खराब होण्याची भीती होती. म्हणून एका सळईच्या दोन झाल्या. पहिली छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत आली, दुसरी त्याच तुळईपासून खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण दोन माणसं एकाच दोराला वर-खाली लोंबकळत आहेत असं समजा. प्रत्येकाच्या मुठीवर फक्त स्वतःचं वजन आहे. आता खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर दोरावरचा भार तेवढाच राहतो, वरच्याच्या मुठीवरचा मात्र दुप्पट होतो. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटचं तेच झालं. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या तपासात आढळलं की मूळ सांधासुद्धा शहराच्या नियमांना अपेक्षित ताकदीच्या सुमारे 60 टक्केच होता. बदलानंतर ती जेमतेम 30 टक्क्यांवर आली.

हा हिशेब दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही जमला असता. मग तो कोणीच का केला नाही? सांध्याचं डिझाइन फॅब्रिकेटर करेल, असं अभियंत्यांनी धरलं. अभियंत्यांनी ते केलंच असेल, असं फॅब्रिकेटरने धरलं. बदलासाठी फोनवर होकार घेतल्याचं फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं, तसा फोन आलाच नाही असं अभियंत्यांचं. शॉप ड्रॉइंग्जवर मंजुरीचा शिक्का मात्र बसला. ऑक्टोबर 1979 मध्ये बांधकाम चालू असतानाच दालनाच्या छताचा काही भाग कोसळला, तेव्हाही या सांध्याचा हिशेब कोणी मांडला नाही. पुढे मिझुरी राज्याच्या मंडळाने दोन अभियंत्यांचे परवाने रद्द केले. त्यांपैकी जॅक गिलम यांनी नंतर अनेक वर्षं अभियंत्यांच्या सभांमध्ये ही घटना उलगडून सांगितली, अशी चूक पुन्हा कोणाकडून होऊ नये म्हणून.

आता आपल्या ड्रॉइंग हॉलमध्ये येऊ. महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही ‘जीटी’ समजावून सांगावी लागत नाही. खाली दिवा, वर काच, काचेवर मित्राची पूर्ण झालेली शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. सबमिशनच्या आदल्या रात्री रेषा उतरतात, मापं उतरतात, मित्राची चूकही उतरते. दुसऱ्या दिवशी रांगेत सही मिळते. न समजता काढणं आणि न विचारता सही करणं या दोन्ही सवयी इथेच पक्क्या होतात. पुढे तीच मुलगी किंवा तोच मुलगा कन्सल्टंटच्या ऑफिसात ड्रॉइंग्जचा गठ्ठा तपासायला बसतो.

नियमांत काही कमी नाही. अभियांत्रिकी पदव्यांना देशादेशांत परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत जून 2014 मध्ये कायम सदस्य झाला. नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनने पदवीधराकडून ज्या 12 क्षमतांची अपेक्षा ठेवली, त्यांपैकी समाजाचं भान, पर्यावरण, नीतिमत्ता, संघकार्य, संवाद, प्रकल्प-व्यवस्थापन आणि सतत शिकत राहणं अशा सात गोष्टी निव्वळ तांत्रिक ज्ञानापलीकडच्या आहेत. पण त्या फायलींतल्या तक्त्यांत राहतात, ड्रॉइंग हॉलपर्यंत पोचत नाहीत.

त्यांना तिथे आणायला नवा विषय नको, नवं पुस्तकही नको. प्रत्येक शीट वर्गातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याने तपासावी, सही करावी आणि ओरलमध्ये प्रश्न काढणाऱ्याला नव्हे, तपासणाऱ्याला विचारावेत. सहीची जबाबदारी काय असते ते त्या पाच मिनिटांत कळेल. प्रोजेक्टमध्ये मध्येच झालेला प्रत्येक बदल वहीत नोंदवावा: कोणी सुचवला, का सुचवला, नव्याने हिशेब कोणी केला. आणि तिसरी गोष्ट, डिझाइन अंतिम होण्याआधी विद्यार्थ्यांनी ते घेऊन भोसरी किंवा सातपूरच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जावं आणि वेल्डरना विचारावं, ‘दादा, हे असं बनवता येईल का?’ कॅन्सस सिटीच्या आट्यांची अडचण अशा एका प्रश्नाने आराखड्याच्या टप्प्यावरच समोर आली असती.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात ‘सर, हे मला पटलं नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी वेळ द्या, पोर्शन मागे पडला तरी चालेल. वरिष्ठांसमोर शंका काढण्याचं धैर्य नोकरी लागल्यावर अचानक येत नाही. ते चार वर्षांत रुजवावं लागतं, आणि त्यावर लोकांचे जीव अवलंबून असतात.

(पुढील लेखांकात : दख्खनच्या कालव्यांवर विश्वेश्वरय्यांनी आणलेली ब्लॉक पद्धत आणि पाणीवाटपातलं माणसांचं गणित.)