रक्तदाबाची खिशांतील नोंदवही

जमाखर्चाची वही ज्याची चोख, त्याची शेती सहसा बुडत नाहीं. देहाचेंहि तसेंच आहे. रक्तदाब वाढला तरी बहुधा कांहीं दुखत नाहीं. म्हणून सुगीच्या घाईंत गोळी घ्यावयाची राहते व पुढें पक्षाघात गांठतो.

२०१७ सालीं सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमांत परिचारिकांनीं महाराष्ट्रांतहि ‘सिंपल’ हें मोबाईल ॲप वापरलें. त्यांत प्रत्येक खेपेचा दाब व औषधें नोंदवितात. ठरल्या दिवशीं न आलेल्या रोग्यांची यादी निघते व त्यांस फोन जातो.

घरींहि अशी नोंद ठेवावी. मात्र दाब मोजावा तो दंडास पट्टा बांधणाऱ्या यंत्रानेंच. आंकडा वारंवार १४०/९० च्या वर गेल्यास ती नोंद डॉक्टरांस दाखवावी. ॲप आठवण देईल; गोळी मात्र आपणच घेतली पाहिजे.