तुतीवरील पिठ्या ढेकूण आणि त्याचा चिमुकला शत्रू

तुतीचा पाला हेच रेशीम अळीचे अन्न होय. आयुष्यभरात ती जेवढा पाला खाते, त्यापैकी चार-पंचमांशाहून अधिक पाला कोष विणण्यापूर्वीच्या अखेरच्या अवस्थेत लागतो. अशा वेळी बागेत कीड शिरली, तर शेतकरी पेचात सापडतो. औषध फवारावे, तर विषारी पाल्याने अळ्या दगावतात; न फवारावे, तर पालाच हाती लागत नाही. तामिळनाडूतील रेशीम उत्पादकांवर २००८ नंतर हाच प्रसंग ओढवला.

ही कीड म्हणजे पपईवरील पिठ्या ढेकूण. तिचे मूळ स्थान मेक्सिको व मध्य अमेरिका. भारतात ती २००८ साली कोइमतूर येथे प्रथम आढळली. पपईबरोबरच तुती, कपाशी, टॅपिओका, जास्वंद आणि गाजरगवत यांवरही ती वाढते. पुढे महाराष्ट्रातील पपईच्या बागांतही तिचा शिरकाव झाला.

मादी पिवळसर व बिनपंखी असून तिच्या अंगावर पिठासारखे पांढरे मेण असते. ती कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले कोवळ्या शेंड्यांवर पसरून रस शोषतात. वारा, मुंग्या, शेतमजुरांचे कपडे आणि रोपे यांच्याबरोबर ती दूरवर जातात. रस शोषल्यामुळे पाने आकसतात, शेंडे खुजे राहतात. किडीने सोडलेल्या चिकट द्रवावर काळी बुरशी चढते. असा पाला अळ्यांना घालण्याजोगा राहत नाही.

फवारणी अपुरी पडते याचे कारण ते मेणच होय. औषध मेणावरून ओघळून जाते आणि पिशवीतील अंडी सुरक्षित राहतात. उलट, किडीला खाणारे उपयुक्त कीटक मात्र मरतात.

यावर उपाय किडीच्या मूळ प्रदेशातच होता. २०१० साली बंगळूर येथील शास्त्रज्ञांनी प्वेर्तो रिको येथून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणविले. त्यांपैकी ॲसेरोफॅगस पपाये ही जात सर्वांत प्रभावी ठरली. एक मिलिमीटरहूनही लहान असलेली ही गांधीलमाशी पिठ्या ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी त्याला आतून खाते. मागे उरते ते छिद्र पडलेले कोरडे कवच. माश्या सोडल्यानंतर काही महिन्यांतच किडीचा जोर ओसरला.

शेतकऱ्याने स्वतः करावयाची कामे साधी आहेत. कीडग्रस्त शेंडे कापून पिशवीत बंद करावेत व जाळावेत. बांधावर किंवा कालव्यात टाकू नयेत. गाजरगवत उपटावे. मुंग्यांची वारुळे काढावीत, कारण चिकट द्रवासाठी मुंग्या या किडीचे शत्रूंपासून रक्षण करतात. प्रादुर्भाव थोडा असल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारावा. परोपजीवी माश्या सोडल्यावर मात्र रासायनिक फवारणी कटाक्षाने टाळावी.

आपल्या परसातील पपईवर किंवा जास्वंदीवर पांढरा कापूस दिसल्यास औषधाची बाटली उघडण्यापूर्वी क्षणभर निरखून पाहावे. कवचांना छिद्रे दिसत असतील, तर शत्रूकीटकाने आपले काम सुरू केले आहे, असे समजावे.