रस्ता कोणी बांधला आणि साहसवीर कोण ठरले?

युरोप-ऑस्ट्रेलियात सुट्यांचा हंगाम सुरू झाला की महामार्गावर एक दृश्य हमखास दिसते. पन्नास-साठ वर्षांची जुनी लँड रोव्हर, तिच्या मागे जोडलेले चाकांवरचे घर म्हणजे कॅराव्हॅन आणि पुढच्या सीटवर नोकरीतून निवृत्त झालेले जोडपे. त्या घरात पलंग असतो, शेगडी असते, पाण्याची टाकी असते. एकेक देश मागे टाकत ही मंडळी महिनोन्‌महिने फिरतात. छंद चांगला आहे. माणसाने जग पाहावे, परक्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यावा, त्यातून मन मोठे होते. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती या छंदाभोवती रचल्या जाणाऱ्या साहसकथांबद्दल. या कथांमध्ये गाडीचे नाव असते, चालवणाऱ्याचे नाव असते, गाडी बनवणाऱ्याचेही नाव असते. ज्याने रस्ता खोदला त्याचे नाव मात्र कुठेच नसते.

या साहसकथांमधली सर्वात गाजलेली कथा 1955 सालची आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांतील सहा विद्यार्थी दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला निघाले. एक गाडी गडद निळी, तिचे नाव 'ऑक्सफर्ड'. दुसरी फिकट निळी, तिचे नाव 'केंब्रिज'. 1 सप्टेंबर 1955 रोजी त्यांनी लंडन सोडले आणि 6 मार्च 1956 रोजी ते सिंगापूरला पोहोचले. बीबीसीतल्या तरुण डेव्हिड अॅटनबरो यांनी त्यांना चित्रीकरणासाठी फिल्म दिली होती. प्रवासी टिम स्लेसर यांनी पुढे 'फर्स्ट ओव्हरलँड' हे पुस्तक लिहिले. नावाचा अर्थच असा की खुष्कीच्या मार्गाने जाणारे पहिले आम्हीच.

गाडीचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये पोलादाची टंचाई होती. रोव्हर कंपनीचे अभियंते मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली अमेरिकन जीप वापरत. तिच्यावरूनच त्यांना नव्या गाडीची कल्पना सुचली. पोलाद मिळत नव्हते म्हणून वरचा सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. विमानांसाठी आणलेला हिरवा रंग उरला होता, तोच फासला. 1948 च्या अॅमस्टरडॅम प्रदर्शनात ही गाडी जगापुढे आली. शेतकऱ्याच्या कामासाठी, नांगर-गाडा ओढण्यासाठी बनवलेली गाडी पुढे लष्कराची, मळेवाल्यांची आणि शेवटी साहसवीरांची झाली. कॅराव्हॅन ओढण्याची ताकद तिच्यात आली तीही या शेतकामातूनच.

आता आपण त्या 'पहिल्या' प्रवासातील सर्वात अवघड टप्प्याकडे येऊ. आसामातील लेडो या गावापासून एक रस्ता डोंगर चढत पांगसाऊ खिंडीतून ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये उतरतो. 3,727 फूट उंचीची ही खिंड. खाली घनदाट जंगल, जळवा, मलेरिया आणि पावसाळ्यात अंगावर येणारे डोंगरकडे. सहा विद्यार्थी येथे पोहोचले तेव्हा हा रस्ता दहा वर्षे बेवारस पडला होता. त्यांनी तो पार केला, ही गोष्ट कौतुकाचीच आहे. पण प्रश्न असा आहे की या जंगलात रस्ता आला कुठून? आकाशातून पडला काय?

1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि चीनकडे जाणारी रसद तुटली. ती पुन्हा सुरू करण्यासाठी अमेरिकेने लेडोपासून रस्ता बांधायला घेतला. त्या वर्षीच्या डिसेंबरात कामाला सुरुवात झाली. 12 जानेवारी 1945 रोजी 113 गाड्यांचा पहिला तांडा लेडोहून निघाला आणि 4 फेब्रुवारीला चीनमधील कुनमिंगला पोहोचला. लेडो ते कुनमिंग हे अंतर 1,079 मैल. चँग कै-शेक यांनी या रस्त्याला अमेरिकन सेनापतीचे नाव दिले, स्टिलवेल रोड. सेनापतीने किती दगड फोडले हे विचारायचे नसते!

दगड फोडले ते सुमारे 15,000 अमेरिकन सैनिकांनी आणि 35,000 स्थानिक मजुरांनी. या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे साठ टक्के काळे होते. तेव्हाच्या अमेरिकन सैन्यात काळ्या आणि गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. काळ्यांच्या हाती बंदूक देण्यापेक्षा फावडे आणि बुलडोझर देणे सरकारला बरे वाटे. तुकडी काळ्यांची, अंमलदार मात्र बहुतेक गोरे. स्थानिक मजुरांमध्ये आसामच्या चहामळ्यांतील मजूर होते. यांचे आजे-पणजे छोटा नागपूरच्या डोंगरांतून कंत्राटदारांनी मळ्यांवर नेलेले मुंडा, उरांव, संथाल. म्हणजे एका बाजूला गुलामांची नातवंडे-पतवंडे आणि दुसऱ्या बाजूला मळ्यांवर बांधून घातलेल्या आदिवासींची नातवंडे-पतवंडे. दोघांनी मिळून एकच डोंगर फोडला. रस्ता बांधताना सुमारे 1,100 अमेरिकन मेले. मैलाला एक माणूस असा त्याचा हिशेब तेव्हाच लावला गेला. त्या हिशेबात चहामळ्यांतील मजूर धरलेला नाही. तो मेला तर मैलांचा आकडा बदलत नाही.

याच रस्त्यावर हर्मन पेरी नावाचा एक काळा सैनिक होता. छळाला आणि तुरुंगवासाला तो विटला होता. मार्च 1944 मध्ये त्याला पकडायला आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यावर त्याने गोळी झाडली आणि तो जंगलात पळाला. ज्यांना इंग्रज 'रानटी' म्हणत त्या नागा लोकांनी त्याला आसरा दिला. तो त्यांच्यात राहिला, त्यांच्यातच त्याने संसार मांडला. शेवटी लष्कराने त्याला पकडले आणि मार्च 1945 मध्ये फाशी दिले. त्याने खून केला होता, हे आम्ही झाकत नाही. पण ज्या व्यवस्थेने त्याला त्या वळणावर आणून उभे केले तिच्यावर कोणत्या कोर्टात खटला चालला?

आणि 'पहिले' म्हणाल तर रस्ता होण्याआधी ही वाट कोणी तुडवली? 1942 च्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जपानी फौजेपुढे ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे भारताकडे चालत निघाली. त्यांत गोदीतले हमाल होते, गिरणीतले मजूर होते, झाडूवाले होते. त्यांतले हजारो लोक पांगसाऊच्या याच चिखलातून आले आणि कितीतरी वाटेतच मेले. त्यांच्यामागे कॅराव्हॅन नव्हती. डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल एवढाच त्यांचा संसार होता. त्यांच्या प्रवासाला कोणी मोहीम म्हटले नाही.

युद्ध संपले. रस्ता बांधणारे काळे सैनिक आपल्या देशी परतले. चीनपर्यंत रस्ता नेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या देशात रस्त्यावर मुक्काम करता येत होता काय? नाही. गाडी घेऊन निघालेल्या काळ्या कुटुंबाला हॉटेलात खोली मिळत नसे, खाणावळीत ताट मिळत नसे. काही गावांत सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचे नाही असा दंडक होता. म्हणून न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या काळ्या टपाल कर्मचाऱ्याने 1936 साली एक छोटे पुस्तक काढले. कोणत्या गावात काळ्या प्रवाशाला जेवण, झोपायला जागा, गाडीला तेल मिळेल याची ती यादी. लोक तिला 'ग्रीन बुक' म्हणत. युद्धकाळात तिचे प्रकाशन थांबले होते, युद्धानंतर ते पुन्हा सुरू करावे लागले. 'लागले' हा शब्द वाचकांनी नीट वाचावा. सैन्यातील भेदभाव संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी 1948 साली काढला. हॉटेल-खाणावळींची दारे कायद्याने उघडायला 1964 साल उजाडले.

या पार्श्वभूमीवर 1959 सालची आणखी एक मोहीम पाहा. एअरस्ट्रीम ही चकचकीत अॅल्युमिनियमची कॅराव्हॅन बनवणारे वॉली बायम 41 कॅराव्हॅनचा ताफा घेऊन आफ्रिकेत उतरले. केपटाऊनहून निघून ते थेट कैरोपर्यंत गेले. वाटेत इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांची भेट झाली. फोटो निघाले, जाहिराती झाल्या. पण ताफा निघाला त्या दक्षिण आफ्रिकेत तेव्हा काय चालले होते? काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात खिशात पासबुक घेऊन फिरावे लागे. परवान्याशिवाय शहरात 72 तासांपेक्षा जास्त थांबला तर तो गुन्हेगार ठरे. परदेशी पाहुण्याने आपले घर चाकांवर घालून खंड ओलांडावे आणि भूमिपुत्राने तीन दिवसांत शहर सोडावे, असा तो न्याय! 21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिल येथे या पासविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. 69 माणसे मेली.

म्हणून आम्ही म्हणतो की घर बरोबर घेऊन फिरणे एकाला हौस असते आणि दुसऱ्याला नाइलाज. अमेरिकेतले काळे कुटुंब रात्री गाडीतच झोपत असे, कारण बाहेर कोणी झोपू देत नसे. तीच चाके, तोच रस्ता, अर्थ मात्र अगदी उलटा. रस्ता आणि मुक्काम म्हणजे काय असते, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

2019 साली ती जुनी 'ऑक्सफर्ड' पुन्हा रस्त्यावर आली. अटलांटिक महासागरातील बेटावर ती गंजत पडली होती. तिला इंग्लंडला आणून दुरुस्त केले आणि सिंगापूरहून लंडनला उलटा प्रवास केला. स्लेसर तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते. आजारपणामुळे त्यांना जाता आले नाही, त्यांच्या जागी नातू गेला. आजोबांच्या गाडीत नातू बसला, ही गोष्ट मनाला भिडणारी आहे. एका गाडीची एवढी जपणूक होते, तिचा स्क्रू न्‌ स्क्रू शोधून बसवला जातो, याचे कौतुकच केले पाहिजे. फक्त एवढेच विचारायचे आहे की लेडोच्या रस्त्यावर फावडे मारणाऱ्या माणसाच्या नातवाला आपल्या आजोबांचे नाव कोणत्या पुस्तकात सापडेल?

वाचकहो, प्रवासाला जरूर निघा. आपल्या मुलामुलींना शिकवा, त्यांना पासपोर्ट काढून द्या, त्यांना जग दाखवा. आजही ज्याच्याजवळ पैसा आणि योग्य देशाचा पासपोर्ट असतो त्यालाच सीमेवरचा दांडा लवकर उचलून मिळतो. हे चित्र आपल्या मुलांनी बदलायचे आहे. पण घाटात गाडी थांबवाल तेव्हा नुसते खोल दरीकडे पाहू नका. पायाखालच्या रस्त्याकडेही पाहा. तिथे कोणाचा तरी आजा राबला आहे. त्याचे नाव विचारा, आणि सापडले तर लिहून ठेवा.