बदकाच्या पिल्लाचा घास आणि ठसका

शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली की नातवंडांच्या हट्टापायी पिवळ्याधमक लवेची दोन-चार बदकपिल्ले घरात येतात. जून उजाडतो, नातवंडे आपापल्या शहरी परततात आणि पिल्ले आजी-आजोबांच्या पदरात पडतात. कोकणात तर खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीत जुनीच आहे. एकवीस दिवसांऐवजी अठ्ठावीस दिवस बसावे लागलेली ती माउली पिल्लांना पाण्याकडे धावताना पाहून काठावर कशी कावरीबावरी होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. कोंबड्या पाळलेल्या माणसाला वाटते, यात नवीन ते काय शिकायचे? काम अवघड नाही हे खरे, पण ते वेगळे आहे. आणि हे वेगळेपण ध्यानात न घेतल्याने पहिल्या आठवड्यातच पिल्ले दगावतात.

कोंबडीला गळ्याच्या तळाशी अन्न साठवण्याची स्वतंत्र पिशवी असते. बदकाला तशी पिशवी नसते. त्याची अन्ननलिकाच खालच्या बाजूस थोडी फुगते. त्याची चपटी चोच पाण्यातून अन्न गाळून घेण्यासाठी घडलेली आहे, अंगणातला दाणा टिपण्यासाठी नव्हे. कोरडे पीठ तोंडात गेले की त्याचा चिकट गोळा होतो, तो टाळूला बसतो आणि नाकपुड्याही बुजतात. अशा वेळी पिल्लू पाण्याकडे धावते, चोच बुडवून घास खाली उतरवते आणि नाक स्वच्छ करते. पाणी जवळ नसेल तर ठसका ठरलेलाच. म्हणून पहिला नियम एवढाच, की जिथे अन्न तिथे पाणी. रात्री पाण्याचे भांडे उचलून ठेवणार असाल तर अन्नही उचला. भांडे रिकामे राहून पिल्ले तहानलेली असतील, तर आधी पाणी द्या, त्यांना निवांत होऊ द्या आणि मगच खाद्य समोर ठेवा.

हे पाणी किती खोल असावे? चोच नाकपुड्यांसह बुडेल इतके. पहिल्या दिवसांत दोन-अडीच सेंटीमीटर पुरते. परात किंवा बादली नको. बदक जन्मतःच पोहते, हा समज अर्धाच खरा आहे. आईच्या पिसांतील तेलाचा स्पर्श न मिळालेले पिल्लू पाण्यात लवकर भिजते, गारठते आणि बाहेर येता न आल्यास बुडते. पसरट भांड्यात, गिळता येणार नाहीत इतके मोठे स्वच्छ गोटे टाकून ठेवले की पिल्लाला चोच बुडवता येते, पण अंग भिजत नाही.

अंड्यातून बाहेर पडल्यावर पोटात उरलेल्या बलकावर पिल्लू एक-दोन दिवस सहज काढते, म्हणून पहिल्याच तासांत त्याला भरवण्याची घाई करू नये. त्याची पहिली गरज उबेची असते. पहिल्या आठवड्यात सुमारे तीस ते बत्तीस अंश. पिल्लू खाऊ लागले की कोंबडीच्या पिल्लांसाठी मिळणारे ‘चिक स्टार्टर’ पाण्यात कालवून द्यावे. मुठीत दाबले तर गोळा व्हावा आणि बोटाने हलवले तर सुटावा, इतपत ते सैल असावे. पातळ पेज नको नि लगदाही नको. थोडे थोडे करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावे आणि उरलेले दर वेळी टाकून द्यावे. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत ओले खाद्य काही तासांत आंबते. औषध मिसळलेले खाद्य पशुवैद्यांना विचारल्याशिवाय आणू नका. बदक कोंबडीहून अधिक खाते, त्यामुळे औषधही तितकेच जास्त पोटात जाते.

कोंबडीच्या खाद्यात बदकासाठी एक उणीव असते, ती नायसिन या ब-गटातील जीवनसत्त्वाची. बदकपिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागते. ते कमी पडले की पाय वाकतात, सांधे सुजतात आणि पिल्लू बसून राहते. मक्यात नायसिन असते, पण ते शरीराला सहजी मिळत नाही. म्हणून नुसत्या मक्याच्या भरड्यावर वाढवलेली पिल्ले लंगडतात. पशुवैद्यांच्या सल्ल्याने खाद्यात यीस्ट मिसळावे. उकडून कुस्करलेले मटारही उपयोगी पडतात.

आता पावसाळ्यातली गोष्ट. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची एक लाखाहून अधिक पिल्ले कशाने मेली ते कुणाला कळेना. बदकपिल्लेही दगावली. शोध घेता घेता बोट ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीकडे वळले. तिच्यावरील बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. या विषाला बदकपिल्लू इतके हळवे असते, की पुढे ते ओळखण्याच्या चाचणीसाठी त्याचाच वापर होऊ लागला. तेव्हा कुबट वास येणारी पेंड, जाळी धरलेला मका, बुरसट भाकरी ‘माणसाला नको, निदान पिल्लांना तरी’ म्हणून घालू नये. आपल्या काटकसरी पिढीला हे जड जाते, याची कल्पना आहे.

पाव, शेव, फरसाण, कोरडे पोहे वर्ज्य. पावाचा गोळा होतो आणि त्यात पोषण नसते. मीठ तर पिल्लाला अगदी थोडेही बाधते. मऊ शिजवलेला भात अधूनमधून चालतो. पालेभाजी द्यायची तर अगदी बारीक चिरून, पाण्यात तरंगत ठेवून. गवताचे लांब पाते मात्र पोटात गुंडाळी होऊन अडकते. हिरवे खाऊ लागलेल्या पिल्लाला चिमूटभर बारीक वाळू हवी. तिच्याच आधाराने त्याचे जठर अन्न दळते. ज्येष्ठांच्या घरात आणखी एक धोका असतो. हातून निसटलेली रक्तदाबाची गोळी, श्रवणयंत्राची बटणाएवढी बॅटरी, वातीचा दोरा, रबरबँड. चमकणारे किंवा वळवळणारे जे दिसेल ते पिल्लू गिळते. पेटीभोवतीची जमीन रोज नजरेखालून घाला.

इतके करूनही एखाद्या दिवशी पिल्लू मान ताणते, चोच वासते, डोके झटकते आणि आपल्या काळजाचा ठोका चुकतो. अशा वेळी आधी हात मागे घ्या. पिल्लू चालत असेल, आवाज करत असेल, श्वास घेत असेल तर पाण्याचे भांडे त्याच्यापुढे सरकवा आणि पाहत राहा. बहुतेक वेळा दोन-चार झटक्यांत आणि एखाद्या घोटात घास उतरतो. घाईने खाल्ल्यावर येणारी उचकीही अशीच दिसते. ती आपोआप थांबते.

घास उतरत नसेल, तर पिल्लाला दोन्ही तळव्यांत घ्या, पण छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. उरोस्थी पुढे-मागे हलते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलेले पिल्लू घासाने नव्हे, आपल्या मुठीने गुदमरते. दुसऱ्या माणसाला उजेड धरायला सांगून चोच हळूच उघडा. समोर दिसणारा गोळा बोथट चिमट्याने बाहेर काढा. न दिसणारे शोधत बोट आत घालू नका. दोरा आत गेलेला असेल तर ओढू नका, तो आतल्या आत कापत जातो. गळ्यावर फुगवटा हाताला लागत असेल तर चोचीच्या कडेला पाण्याचा एखादाच थेंब लावा, तो पिल्लू स्वतः चाटेल, आणि मग बोटाच्या टोकाने वरून खाली अलगद कुरवाळा.

तोंडात पाण्याची किंवा तेलाची धार सोडणे हा घरोघरचा उपाय आहे आणि तोच सर्वात घातक आहे. पिल्लाच्या जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेची उघडी फट असते. ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाते. पाय धरून उलटे लोंबकळवणे किंवा पाठीवर थापट्या मारणे हेही टाळावे. फुगवटा तासाभरात हलला नाही, पिल्लू निपचित पडले किंवा चोच निळसर दिसू लागली, तर पशुवैद्यांकडे न्यावे. खाण्याशी संबंध नसताना दिवसभर चोच उघडी राहत असेल, तर तो ठसका नसून अति उष्णता किंवा बुरसट अंथरुणातून जडलेला फुप्फुसाचा विकार असण्याचा संभव अधिक.

येथे एक गफलत होऊ नये. पिल्लाला वर्ज्य सांगितलेली पाठीवरची थाप माणसाला तारक ठरते. जेवताना घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला ठसका लागला आणि ती खोकू शकत असेल, तर तिला खोकू द्या; पाणी पाजू नका. आवाजच फुटत नसेल तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा द्या. तेवढ्याने भागले नाही तर मागे उभे राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे पाच झटके द्या. घास सुटेपर्यंत हे आलटून पालटून करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ क्रमांकावर फोन करायला लावा. शुद्ध हरपल्यास जमिनीवर निजवून छातीवर दाब देण्यास सुरुवात करा.

राहता राहिली आपली प्रकृती. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि पासष्ट वर्षांपुढील माणसे व पाच वर्षांखालील मुले यांना त्यांचा त्रास अधिक होतो. म्हणून पेटी स्वयंपाकघरात नको, भांडी ओट्यावरच्या मोरीत धुणे नको, नातवाने पिल्लाचा मुका घेणे नको. हात लावला की साबणाने धुवायचे. पेटी कमरेएवढ्या उंचीच्या भक्कम टेबलावर ठेवली तर वाकावे लागत नाही. बदके पाणी उडवतातच, तेव्हा खाली गोणपाट अंथरा. ओल्या फरशीवर घसरून मोडलेले खुब्याचे हाड पिल्लाच्या ठसक्याहून कितीतरी महाग पडते. एकाएकी अनेक पिल्ले मेली, तर उघड्या हातांनी उचलू नका आणि पुरून मोकळे होऊ नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू प्रथम आढळला होता, हे स्मरणात ठेवून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा.