‘करता आला तर’ की ‘केला तर’? मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’भोवतीचे गैरसमज

क्रिस्टोफर मार्लो शेक्सपिअरच्याच वर्षीचा, 1564 चा. कँटरबरीत जोडे बनवणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला शिकला आणि 29व्या वर्षी मारला गेला. सैतानाला आत्मा विकणाऱ्या फॉस्टस या पंडिताला इंग्रजी रंगभूमीवर त्यानंच उभं केलं. त्याचं आयुष्यही इतकं नाट्यमय, की नाटकाआधी त्याच्या दंतकथाच वाचकापर्यंत पोचतात. अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं आणि छापील प्रती तपासून त्यातल्या बऱ्याच दंतकथा दूर केल्या आहेत.

गैरसमज : मार्लो गुत्त्यातल्या मारामारीत मेला.

वस्तुस्थिती : लेस्ली हॉट्सन या संशोधकाला लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात मृत्यूच्या चौकशीचा मूळ लॅटिन अहवाल सापडला. त्यानं तो 1925 मध्ये प्रसिद्ध केला. घटना 30 मे 1593 ची, जागा डेप्टफर्डमधलं एलिनॉर बुल या बाईंचं घर. मार्लोसह चौघंजण सकाळपासून तिथं होते. जेवले, बागेत फिरले, आणि रात्रीच्या जेवणानंतर बिलावरून वाद झाला, असं अहवाल सांगतो. त्यांच्यापैकी इंग्रम फ्रायझरच्या खंजिराचा वार मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर बसला. खंजिराची किंमतही नोंदवली आहे : 12 पेन्स. हजर असलेल्यांपैकी रॉबर्ट पोली हा सरकारी हेर होता. फ्रायझरला महिन्याभरात माफी मिळाली. त्यामुळे बिलाचं कारण खरं होतं का, यावर आजही वाद आहे.

गैरसमज : फॉस्टस म्हणजे मार्लोच, दोघंही नास्तिक.

वस्तुस्थिती : मार्लोच्या नास्तिकपणाचे मुख्य पुरावे दोन. एक, रिचर्ड बेन्स या खबऱ्यानं दिलेली मार्लोच्या धर्मविरोधी उद्गारांची यादी. दुसरा, थॉमस किड या नाटककाराची पत्रं. किड तेव्हा अटक भोगून आलेला होता आणि स्वतःवरचा आळ झटकू पाहत होता. अशा साक्षीवरून नाटकाचा अर्थ ठरवणं धोक्याचं. नाटकाची कथा तर जर्मनीत 1587 मध्ये छापलेल्या ‘फाउस्टबुक’मधून आलेली. 24 वर्षांची अफाट शक्ती मिळाल्यावर फॉस्टस काय करतो? पोपच्या पंगतीत अदृश्य होऊन गोंधळ घालतो, भर हिवाळ्यात एका गर्भवती डचेससाठी द्राक्षं मागवतो. इतक्या मोठ्या स्वप्नाची इतकी छोटी फळं दाखवणारा लेखक नायकाचं नुसतं समर्थन करत नाही.

गैरसमज : ‘डॉक्टर फॉस्टस’ची संहिता एकच आहे.

वस्तुस्थिती : या नाटकाची मार्लोच्या हातची प्रत उपलब्ध नाही. नाटक छापलं गेलं 1604 मध्ये, मृत्यूनंतर 11 वर्षांनी. 1616 ची आवृत्ती तिच्याहून सुमारे 600 ओळींनी मोठी आहे. अभ्यासक त्यांना ‘ए’ पाठ आणि ‘बी’ पाठ म्हणतात.

यातला एक पाठभेद अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. अजून वेळ गेलेली नाही, असं नाटकातला सुष्ट देवदूत फॉस्टसला सांगतो. पण त्याची अट दोन पाठांत वेगळी आहे. ‘ए’ पाठात ती अशी : फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर. ‘बी’ पाठात : फॉस्टसनं पश्चात्ताप केला तर. मूळ इंग्रजीत बदललं आहे ते फक्त एक साहाय्यक क्रियापद, ‘कॅन’च्या जागी ‘विल’. पण कोणाचा उद्धार व्हायचा हे देवानं आधीच ठरवलेलं असतं, ही धर्मसुधारक कॅल्विनची शिकवण त्या काळच्या इंग्लंडमध्ये सर्वांच्या कानावर होती. पहिल्या पाठात पश्चात्ताप फॉस्टसच्या हातात आहे का, हाच प्रश्न उभा राहतो. दुसऱ्यात निर्णय त्याचा.

गैरसमज : मोठी आवृत्ती तीच पूर्ण आणि अस्सल.

वस्तुस्थिती : नाट्यव्यावसायिक फिलिप हेन्स्लोच्या रोजकीर्दीत 1602 ची नोंद आहे : या नाटकात भर घालण्यासाठी विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रोली यांना 4 पौंड. म्हणजे ‘बी’ पाठातल्या जादा ओळी मार्लोच्याच असतील असं नाही. रंगमंचावर देवाचं नाव निंदाव्यंजक रीतीनं घेण्यावर 1606 मध्ये कायद्यानं बंदी आली. तिची छायाही ‘बी’ पाठावर दिसते. शेवटच्या तासाला फॉस्टसला ख्रिस्ताचं रक्त आकाशात वाहताना दिसतं, ती ओळ त्यात नाही.

तरीही डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांच्यासारख्या मातब्बर पाठचिकित्सकानं 1950 मध्ये ‘बी’ पाठालाच झुकतं माप दिलं होतं. पुढे अभ्यासकांचं मत फिरलं. डेव्हिड बेव्हिंग्टन आणि एरिक रॅसमुसेन यांनी 1993 च्या आवृत्तीत दोन्ही पाठ एकत्र न मिसळता स्वतंत्र छापले. आता नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाला तालमीआधीच ठरवावं लागतं : देवदूताच्या तोंडी ‘करता आला तर’ द्यायचं, की ‘केला तर’.