रोजच्या वाटेवरची मसल कार

अमेरिकेत १९६४ साली आलेल्या ‘पॉन्टियाक जीटीओ’ या मोटारीपासून ‘मसल कार’चे युग सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. मध्यम आकाराच्या गाडीत मोठे, शक्तिशाली इंजिन बसवणे हे या गाड्यांचे वैशिष्ट्य होय. अशी गाडी रोज कामावर जाण्यासाठी वापरली, तर इंधन किती लागते?

२०१८ सालच्या ‘फोर्ड मस्टँग जीटी’चे उदाहरण बोलके आहे. आठ सिलिंडरांचे, पाच लिटर क्षमतेचे इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर असलेल्या या गाडीचे अधिकृत मायलेज महामार्गावर लिटरला सुमारे १०.६ किलोमीटर, तर शहरात केवळ ६.४ किलोमीटर आहे.

ही तफावत का पडते? महामार्गावर एकसारख्या वेगाने धावताना इंजिनाच्या शक्तीचा अल्प अंशच पुरतो. शहरात मात्र सिग्नलपाशी गाडी उभी असतानाही मोठे इंजिन इंधन जाळत राहते. शिवाय जड गाडीला गती देण्यासाठी खर्चिलेली ऊर्जा प्रत्येक ब्रेकबरोबर उष्णतेच्या रूपाने वाया जाते. चालकाची सवयही महत्त्वाची असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या मते, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत एकदम वेग वाढवणे व करकचून ब्रेक लावणे यांमुळे मायलेज १० ते ४० टक्क्यांनी घटू शकते.

शहरातून रोज ४० किलोमीटर ये-जा करणाऱ्यास या गाडीत सुमारे सव्वासहा लिटर पेट्रोल लागते. महामार्गाचा आकडा पाहून त्याने पावणेचार लिटरांचाच हिशेब केला असेल, तर कामाच्या २२ दिवसांत ५५ लिटरांची तूट येते आणि घरखर्चाचे गणित कोलमडते. म्हणून गाडी निवडताना, जी वाट रोज चालायची आहे, तिचाच आकडा पाहावा.