गुरू घरात, प्रमाणपत्र शहरात

विष्णुदास भावे यांनी 1843 साली सांगलीत ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला आणि सांगली नाट्यपंढरी ठरली. या पंढरीच्या पंचक्रोशीतले कवलापूर हे काळू-बाळूंचे गाव. याच जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष पठ्ठे बापूरावांचे, तर वाटेगाव अण्णा भाऊ साठे यांचे. नाट्यपंढरीचा गौरव करताना मात्र आपली गाडी बहुधा नाट्यगृहाच्या पायरीशीच थांबते. कलासंस्था आणि शाळा यांच्या सहकार्याचा विचार करतानाही नेमके हेच घडते.

असे सहकार्य असावे, याविषयी दुमत नाही. परंतु सांगली-साताऱ्याच्या शहरी विद्यालयात सभागृह असते, पेटी-तबला असतो आणि शुल्क भरू शकणारे पालकही असतात. संस्थेचा कार्यकर्ता साहजिकच तेथे आधी पोहोचतो. जत किंवा पाटण तालुक्यातील वाडीवरच्या शाळेत जावयाचे तर एस.टी.च्या वेळेपासून अडचण सुरू होते. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये आपला चित्रसंग्रह एका खेड्यातच उभा केला. हेन्री मूरचे शिल्प तेथे आहे! पण शेजारच्या माण तालुक्यातील मुलांना ते पाहावयाचे तर गाडीभाडे कोणी द्यावयाचे, हा प्रश्न सुटत नाही.

कायद्याने तरी हे अंतर कमी करावे, तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती शंभराहून अधिक पटाच्या शाळेपुरती. पट कमी म्हणजे चित्रकलाही कमी, असे हे त्रैराशिक आहे.

याहून खोल अन्याय गुणांचा आहे. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय संगीत, नृत्य, चित्रकला यांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण मिळतात. संगीताच्या एकामागून एक परीक्षा देणे म्हणजे काही वर्षांचा वर्ग आणि काही वर्षांचे शुल्क. लोककलांनाही या योजनेत स्थान दिले गेले, ही समाधानाची गोष्ट खरी. मात्र त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. हलगी परंपरेने मातंग समाजाच्या हाती राहिली. त्या घरातील मुलगा ती बापाकडून शिकतो, आणि बाप ही काही नोंदणीकृत संस्था नव्हे. ज्याच्या घरात कला पिढ्यान्‌पिढ्या नांदली, त्याच्याच गुणपत्रिकेत तिची नोंद होत नाही.

शहरातील संस्थांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांचे कार्यकर्ते पदरमोड करून खेड्यात शिबिरे घेतात, हे मान्यच केले पाहिजे. पण ‘कला खेड्यात नेणे’ या शब्दप्रयोगातच खेडे रिकामे आहे हे गृहीत धरलेले असते. स्नेहसंमेलनाच्या दिवशी पाहुण्यांच्या स्वागताला हलगी लागतेच. पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते. वादकाच्या हाती बिदागी पडते आणि तो फाटकाबाहेर पडतो. त्याचा मुलगा आठवीच्या रांगेत बसून हे पाहत असतो आणि शेजाऱ्याला आपले नाते सांगत नाही.

अशा वादकाला आठवड्यातून दोन तास त्याच वर्गात शिकवू द्यावे, शहरी तज्ज्ञाइतकेच मानधन द्यावे आणि त्याने दिलेला दाखला मंडळाने वाढीव गुणांसाठी ग्राह्य धरावा. पात्रतेची खात्री हवी असेल तर मान्यताप्राप्त संस्थांनीच परीक्षक म्हणून गावात यावे. परीक्षेसाठी मुलाने शहर गाठण्यापेक्षा हा प्रवास स्वस्त पडेल.